हक्काची रजा आणि रजेचा पगार : कायदा काय सांगतो, मालक काय करतात, आपण काय करायचे

रविवारी विहारात वंदना झाली की काही जण कागद घेऊन थांबतात. कोणाची पगारपत्रक पावती असते, कोणाचे कामावरून कमी केल्याचे पत्र. मागे एक ताई आल्या. एका रुग्णालयात अकरा वर्षे झाडलोट करतात. या अकरा वर्षांत चार कंत्राटदार बदलले; फरशी तीच, झाडू तोच, मुकादमही तोच. आम्ही विचारले, "ताई, वर्षाला भरपगारी रजा किती मिळते?" त्या म्हणाल्या, "रजा कसली? आला नाहीत तर खाडा."

हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की एकदा सगळी माहिती एका ठिकाणी मांडावी असे ठरवले. आपल्या वस्त्यांतले बहुसंख्य लोक सफाई, सुरक्षा, गोदाम, दुकान, कारखाना, हॉटेल अशा कामांत आहेत. रजेचा पगार बुडतो तो मुख्यतः याच कामांत. वर्षाला दहा-बारा हजारांची रक्कम असते, म्हणून कोणी भांडत नाही. पण दहा वर्षांचा हिशेब मांडला की मुलीच्या शिक्षणाची फी निघते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रजेचा पगार ही मालकाची मेहरबानी नाही. वीस दिवस काम केले की एक दिवसाची रजा कमावली जाते. म्हणूनच तिला अर्जित रजा म्हणतात. कमावलेली वस्तू मागायला लाज वाटण्याचे कारण नाही.

हा हक्क आला कुठून

भरपगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६ साली एका करारनाम्यात मांडले. भारतात तेव्हा गिरणी कामगाराला गावी जायचे असेल तर पगार सोडून जावे लागे. परत आल्यावर काम मिळेलच याची खात्री नसे.

१९४२ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्यांच्या कार्यकाळात कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन भरपगारी रजेची तरतूद आली. १९४५ च्या या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस आणि बालकामगाराला चौदा दिवस भरपगारी रजा मिळू लागली. अंमल १ जानेवारी १९४६ पासून झाला. पुढे कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण आले आणि ते आजही टिकून आहे. आपण बाबासाहेबांना संविधानासाठी आठवतो. पगारपत्रकावरच्या रजेच्या ओळीमागेही त्यांचे काम आहे, हे मुलांना सांगायला हवे.

आज कोणता कायदा लागू आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. रजेच्या बाबतीत दोन महत्त्वाच्या आहेत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने कारखाने अधिनियमाची जागा घेतली. रजा किती मिळेल ते तिच्या कलम ३२ मध्ये आहे. वेतन संहिता, २०१९ मध्ये पगार कधी द्यायचा आणि बुडवला तर दावा कुठे करायचा ते आहे.

दुकाने, कार्यालये, हॉटेले यांच्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७. मूळ कायद्यात तो दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. तुमच्या दुकानात दहा ते एकोणीस माणसे असतील तर मालक याच बदलाचे कारण पुढे करील. अशा वेळी लक्षात ठेवा की वर सांगितलेली केंद्राची संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे आणि त्यात व्यापार-धंदाही येतो.

नियुक्तिपत्रात किंवा युनियनच्या करारात कायद्यापेक्षा जास्त रजा लिहिली असेल तर ती जास्त रजाच मिळाली पाहिजे. कायदा सांगतो ती कमीत कमी पातळी आहे.

कारखाना आणि इतर आस्थापना : संहितेचे नियम

१. कॅलेंडर वर्षात १८० दिवस काम भरले की रजेचा हक्क लागू होतो. जुन्या कारखाने अधिनियमात मूळ अट २४० दिवसांची होती.

२. प्रत्येक वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा. किशोरवयीन कामगार आणि खाणीत जमिनीखाली काम करणारे यांना पंधरा दिवसांमागे एक.

३. ले-ऑफचे दिवस, २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा आणि घेतलेली अर्जित रजा हे दिवस १८० च्या मोजणीत धरले जातात. मात्र त्या दिवसांवर नवी रजा जमा होत नाही.

४. वर्षाच्या मध्येच कामाला लागलात तर उरलेल्या दिवसांपैकी एक चतुर्थांश दिवस काम भरले तरी पुरे. १ जुलैला रुजू झालात तर वर्षाचे १८४ दिवस उरतात. ४६ दिवस भरले की तुम्ही पात्र.

५. रजेच्या मध्ये येणारी साप्ताहिक सुट्टी किंवा सणाची सुट्टी रजेतून कापायची नाही.

६. न घेतलेली रजा पुढच्या वर्षात ३० दिवसांपर्यंत नेता येते. त्यावर जमलेल्या रजेचे पैसे मागता येतात. वर्षाच्या शेवटी मागणी करून रजा रोखीत घेण्याचा हक्कही संहितेत आहे.

७. तुम्ही रीतसर अर्ज केला आणि मालकाने रजा नाकारली, तर ती नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे नेता येते. म्हणूनच अर्ज लेखी हवा. तोंडी मागितलेल्या रजेचा नकार सिद्ध कसा करणार?

हिशेब कसा करायचा, ते एका उदाहरणातून पाहू. एका कामगाराने वर्षात २८० दिवस काम केले. २८० भागिले २० म्हणजे १४ दिवस रजा. दिवसाचा पगार ७०० रुपये असेल तर १४ गुणिले ७०० म्हणजे ९,८०० रुपये. तीन वर्षे रजा दिली नाही, तर २९,४०० रुपये.

दुकान, हॉटेल, कार्यालय : राज्याच्या कायद्याचे नियम

येथे तीन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि मालक अनेकदा तिन्ही एकात मिसळतात.

किरकोळ रजा : वर्षाला आठ दिवस भरपगारी. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर न वापरल्यास बुडते.

अर्जित रजा : वर्षात २४० दिवस काम भरले असेल तर पुढच्या वर्षी वीस दिवसांमागे एक दिवस. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने रजा नाकारली, तर ४५ च्या वर गेलेल्या रजेचे पैसे घेण्याचा हक्क आहे.

सणाच्या सुट्ट्या : वर्षाला आठ भरपगारी. यातल्या चार कायद्यानेच ठरलेल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट दराने पगार द्यावा लागतो.

या 'उरलेल्या चार' दिवसांकडे आपले दुर्लक्ष होते. १४ एप्रिलला शासनाची सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून खाजगी दुकानातही ती आपोआप मिळेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. शासनाची यादी सरकारी कार्यालये आणि बँका यांच्यासाठी असते. खाजगी आस्थापनेत ती सुट्टी हवी असेल तर चार दिवसांच्या यादीत ती बसवून घ्यावी लागते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहकाऱ्यांशी बोलून, सगळ्यांच्या सह्यांचे निवेदन देऊन १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा मागता येते. इतर सहकाऱ्यांचे सणही त्याच यादीत बसवायचे असतात, हे ध्यानात ठेवून बोलणी करावीत. दरवर्षी एप्रिल उजाडल्यावर "साहेब, उद्या जयंती आहे" म्हणून हात जोडण्यापेक्षा हे बरे.

काम सुटले तर रजेच्या पैशांचे काय

सगळ्यात जास्त पैसा येथे बुडतो. काम सोडताना माणूस घाईत असतो, किंवा काढून टाकल्यामुळे खचलेला असतो. मालक "फुल अँड फायनल"च्या कागदावर सही घेतो आणि विषय संपतो.

नियम असा आहे. कामावरून कमी केले, बडतर्फ केले, तुम्ही राजीनामा दिला, निवृत्त झालात, काहीही झाले तरी शिल्लक रजेचे पैसे मिळाले पाहिजेत. त्या वर्षाचे १८० दिवस पूर्ण भरलेले नसले तरी, जितके दिवस काम केले त्या प्रमाणात रजा मोजायची. वेतन संहितेप्रमाणे काढून टाकल्यावर, राजीनामा दिल्यावर किंवा आस्थापना बंद पडल्यावर देणे असलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. "पुढच्या महिन्यात या, हेड ऑफिसला पाठवले आहे" हे उत्तर चालत नाही.

कामगाराचा मृत्यू झाला तर शिल्लक रजेचे पैसे वारसाला किंवा नामनिर्देशित व्यक्तीला दोन महिन्यांच्या आत मिळाले पाहिजेत. घरचे लोक भविष्य निर्वाह निधीची चौकशी करतात, ग्रॅच्युइटी विचारतात, पण रजेचे पैसे विचारायचे राहून जातात. वस्तीत असा प्रसंग आला तर शेजाऱ्यांनी ही आठवण करून द्यावी.

रजा कशी बुडवली जाते

कंत्राटदार बदलून. दर अकरा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी नवा कंत्राटदार येतो आणि "तुम्ही आजपासून नवीन" असे सांगतो. जुन्या कंत्राटदाराच्या दृष्टीने तुमचे काम सुटले, म्हणजे रजेचा हिशेब त्याने त्याच दिवशी चुकता करायला हवा होता. तो करत नाही आणि नवा जबाबदारी घेत नाही. अशा वेळी मूळ मालकाकडे जायचे. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ आस्थापनेवर येते.

निविदेतले पैसे खाऊन. महापालिका, सरकारी रुग्णालये, विद्यापीठे सफाई आणि सुरक्षेच्या निविदा काढतात, तेव्हा दरपत्रकात मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी यांच्यासोबत अनेकदा रजा वेतनाचीही ओळ असते. म्हणजे संस्थेने तुमच्या रजेचे पैसे कंत्राटदाराला दिलेले असू शकतात. ते तुमच्यापर्यंत आले का, हे तपासायचे असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून निविदेतील दरपत्रक आणि कंत्राटदाराची देयके मागावीत. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

पगारातच रजा दाखवून. "तुझ्या पगारात रजेचे पैसे धरले आहेत" असे सांगितले जाते. पावतीवर ती वेगळी ओळ आहे का, ते पाहा. ती रक्कम वगळल्यावर उरलेला पगार किमान वेतनापेक्षा कमी होत असेल तर ती दुसरी फसवणूक आहे.

साप्ताहिक सुट्टी रजा म्हणून लिहून. आठवड्याची सुट्टी हा वेगळा हक्क आहे. आजारपणाचेही तसेच. राज्य कामगार विमा योजनेत तुमचे योगदान जात असेल आणि अटी पूर्ण होत असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के लाभ तिथून मिळतो. त्यासाठी अर्जित रजा खर्च करायला लावणे योग्य नाही.

नोटिशीच्या नावाखाली कापून. राजीनामा देताना नोटिशीची मुदत पाळली नाही, तर करारानुसार काही वजावट होऊ शकते. पण हिशेबात रजेची रक्कम आणि नोटिशीची वजावट या दोन वेगळ्या ओळी हव्यात. सगळी रजा त्या नावाखाली गिळता येत नाही.

'ऑफिसर' बनवून. व्यवस्थापकीय पदे कामगाराच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही ठिकाणी बारा-पंधरा हजार पगाराच्या माणसाला 'एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. पदाचे नाव काहीही असो, प्रत्यक्ष काम काय आहे ते महत्त्वाचे ठरते.

एकाच इमारतीतली दोन माणसे

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ दिवस खात्यावर जमा होतात. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे रोखीकरण होते. हा त्यांचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच इमारतीत त्यांचे टेबल पुसणाऱ्या कंत्राटी कामगाराला चौदा दिवसही मिळत नाहीत. पूर्वी सफाईचे काम जातीने ठरत होते. आज ते कंत्राटाने दिले जाते, पण झाडू धरणारे हात बहुतेक ठिकाणी बदललेले नाहीत. रजेचा प्रश्न आमच्यासाठी नुसता पगाराचा प्रश्न नाही, तो यामुळेच.

घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी तर भरपगारी रजेचा सक्तीचा कायदा अजून नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ मुळे नोंदणी आणि कल्याणकारी योजना आल्या, रजा आली नाही. तिथे बोलीवरच भर द्यावा लागतो : काम धरतानाच महिन्याच्या सुट्ट्या, गावी जायची रजा आणि दिवाळीचा बोनस ठरवून घ्यावा. एकाच सोसायटीतल्या सगळ्या जणींनी मिळून बोलणी केली तर एकटीला काढून टाकणे सोपे राहत नाही. माथाडी आणि मंडळात नोंदलेले सुरक्षा रक्षक यांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्या मंडळाकडे मालक लेव्ही भरतो आणि त्यातून भरपगारी रजेसारखे लाभ दिले जातात. संघटना आणि कायदा एकत्र आले की काय होते, त्याचे हे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे.

पुरावा आजपासून जमवा

मालकाकडे हजेरीपट असतो, आपल्याकडे काहीच नसते, हीच खरी अडचण आहे. म्हणून :

– एक साधी वही करा. रोज तारीख आणि आत-बाहेरची वेळ लिहा. मुकादमाचे नाव लिहा.
– पगार पावती मागा. ती देणे वेतन संहितेने बंधनकारक आहे. नियुक्तिपत्र देणेही बंधनकारक आहे.
– भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, बँकेचे विवरण, ओळखपत्र, कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले ड्यूटीचे संदेश जपून ठेवा.
– कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करू नका. सही करावीच लागली तर "रजेचा हिशेब बाकी" असे लिहून खाली सही करा.

अर्ज असा लिहा :

"प्रति, व्यवस्थापक. विषय : शिल्लक अर्जित रजेचा हिशेब मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या आस्थापनेत … तारखेपासून … या पदावर काम करीत आहे. मागील वर्षी मी … दिवस काम केले असून त्यानुसार माझी … दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. ही रजा मला … ते … या कालावधीत मंजूर करावी. मंजूर करणे शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे. आपला/आपली, …"

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पत्र पाठवा किंवा ईमेल करा. रजेच्या किमान पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा.

दाद कुठे मागायची

पहिली पायरी : जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार. कारखान्याच्या बाबतीत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाता येते.

दुसरी पायरी : वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे दावा. तो कामगार स्वतः किंवा नोंदणीकृत युनियन करू शकते. मुदत तीन वर्षांची आहे. मूळ रकमेसोबत दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. ती प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही, पण मालकाने तडजोडीला बसावे यासाठी ही तरतूद पुरेशी आहे.

वकिलाचा खर्च हे कारण अडू देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तीही यात येतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

एकट्याने गेलात तर नोकरी जाण्याची भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून शक्य तिथे पाच-दहा जणांनी मिळून अर्ज द्यावा, युनियनमार्फत द्यावा. आमच्या त्या ताईंनाही आम्ही हेच सांगितले. पुढच्या रविवारी त्या एकट्या आल्या नाहीत. त्यांच्यासोबत त्याच रुग्णालयातल्या आणखी सहा जणी होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर तारीख टाकायला आम्ही मदत केली. बाकीची पाने त्या स्वतः भरत आहेत.

ज्यांना वाचता येते त्यांनी हा लेख आपल्या वस्तीत, विहारात एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

जय भीम. नमो बुद्धाय.